जपून वापरायचे चाळीस नंबर

माझी मुदत संपली तेव्हा माझ्याकडे एकतीस मुली शिल्लक होत्या.

(मुली म्हणजे मुलींचे फोन नंबर. पण आमच्या घरात त्या दिवसांत हा फरक कोणी करत नव्हतं. आई शेजारणीला सरळ सांगायची, "आमच्या अरुणकडे अजून पस्तीस मुली आहेत," आणि शेजारीण आपल्या मुलीला हाक मारून आत बोलवून घ्यायची.)

ही गोष्ट दोन हजार सात-आठच्या आसपासची. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. अंबरनाथला आई आणि आप्पांबरोबर राहत होतो आणि बदलापूरला पाणीपुरवठ्याच्या एका ऑफिसात कारकून होतो. कोणत्या गल्लीला किती वाजता आणि किती मिनिटं पाणी सोडायचं याचं वेळापत्रक मी करायचो. म्हणजे अर्ध्या गावाला मी नाव माहीत नसलेला शत्रू होतो आणि उरलेल्या अर्ध्या गावाला नावही माहीत होतं.

लग्नासाठी माझे प्रयत्न कमी पडले असं कोणी म्हणू शकणार नाही. समाजाच्या वधू-वर मेळाव्यांना मी इतकी वर्षं हजेरी लावत होतो, की शेवटच्या मेळाव्यात संयोजकांनी मला उमेदवार म्हणून धरलंच नाही. "बरं झालं आलास, जरा त्या मागच्या खुर्च्या लाव," म्हणाले. मी लावल्या. नंतर त्याच खुर्च्यांवरून उठून माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरांनी आपापली ओळख करून दिली, आणि मी माइकची वायर सरळ करत बाजूला उभा राहिलो.

त्या दिवशी जेवताना आप्पा म्हणाले, "हे बघ अरुण, मी सत्तरी ओलांडली. तुझ्या आईचे गुडघे गेले. आता एकदाच काय ते नीट करू. या खेपेला नाही जमलं तर हा विषय या घरात परत काढायचा नाही." आईनं मी न मागता माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मला कळलं की हे शेवटचं आहे.

मग वांगणीचे मामा आले. मामांनी वांगणीला स्वस्तात घर घेतल्यापासून त्यांना सगळ्याच व्यवहारांतलं कळायला लागलं होतं.

"अरे, इंटरनेटवर कर ना! आमच्या साहेबांच्या मेव्हणीचं जमलं. फक्त फुकटवालं घेऊ नको. पैसे भरून घे. फुकटात माणूस धड उत्तर देत नाही, मुलगी कशी देईल?"

अंबरनाथमध्ये सायबर कॅफे होते. पण तिथं आमच्या चाळीतली पोरं बसायची, आणि माझं लग्न जमत नाही ही बातमी त्यांना नव्यानं कळायला नको होती. (त्यांना ती पाठ होती.) म्हणून मी उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये घनूभाईंकडे जायचं ठरवलं. पुढे बेल्ट-पाकिटांचं दुकान, मागे पडदे लावून चार कॉम्प्युटर. घनूभाईंनी विचारलं, "बोलो साईं, नोकरी का फॉर्म?"

"नाही. लग्नाचं."

"अच्छा! छोटे भाई का?"

"माझंच."

घनूभाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टेबलफॅन माझ्याकडे वळवला. आजारी माणसाला पाहून लोक करतात तसं.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं, म्हणजे आप्पा, आई, मामा आणि मी, एका कॉम्प्युटरसमोर बसलो. मी स्टुलावर, आई-आप्पा दोन खुर्च्यांवर आणि मामा बेल्टच्या खोक्यावर. फुकटची साइट घनूभाईंनीच बाद केली. "उसमें आधी लड़कियों के फोटो मेरे यहाँ बैठनेवाले लड़कों ने डाले हैं. मैं जानता हूँ ना!" राहिल्या दोन पैसेवाल्या. त्यातली पहिली उघडल्यावर हसऱ्या नवरानवरीचा मोठा फोटो आला. आईला जोडपं फार आवडलं. दुसरी उघडली, तर तिच्यावरही तेच जोडपं!

"अगंबाई! हा मुलगा इकडेपण लग्न करून बसलाय?"

"आई, तो जाहिरातीतला आहे."

"कसला का असेना. दोन-दोन ठिकाणी हार घालून घेतोय मेला, आणि माझ्या पोराला एक मिळत नाही."

आप्पांची कसोटी वेगळी होती. त्यांनी दोन्ही साइटवर ऑफिसचा पत्ता शोधायला लावला. पहिलीचं ऑफिस दक्षिणेत कुठंतरी लांब होतं, दुसरीचं एक ऑफिस कल्याणला होतं. "ज्याचं ऑफिस जवळ नाही त्याच्याशी भांडायला जायचं कुठं?" आप्पा म्हणाले. सेवा घ्यायच्या आधी भांडणाची सोय बघून ठेवावी हा त्यांचा जन्माचा नियम होता.

पण खरा निर्णय मी घेतला, आणि त्याचं खापर मी दुसऱ्या कोणावर फोडणार नाही. दोन्ही साइटची फी जवळपास सारखी, मुदत दोन्हीकडे तीन महिने. फरक एकच. पहिलीवर पैसे भरले की पाहिजे तेवढ्या मुलींचे फोन नंबर उघडून बघता येणार होते. अमर्याद! दुसरीवर फक्त चाळीस. आता कोणताही शहाणा माणूस काय करील?

मी दुसरी घेतली.

बारा वर्षं पाणीपुरवठ्यात काढलेल्या माणसाला 'अमर्याद' हा शब्द दाखवू नये. बिल्डर ज्या बिल्डिंगच्या जाहिरातीत 'चोवीस तास पाणी' लिहितो, त्याच बिल्डिंगचे लोक पहिल्यांदा आमच्या दारात हंडे घेऊन येतात, हे मी रोज बघत होतो. चाळीस म्हणजे चाळीस. किती आहे ते माहीत, त्यामुळे पुरवायचं कसं तेही माहीत.

"साईं, सोच लो," घनूभाई म्हणाले, "इधर पूरा समंदर है, उधर चालीस बाल्टी."

"समुद्राचं पाणी पिता येत नाही," मी म्हणालो.

आप्पांनी अभिमानानं मामांकडे पाहिलं. (आप्पांना माझा अभिमान वाटल्याचे प्रसंग दोन. पहिला, मी दहावी पास झालो तेव्हाचा. तो दुसरा.)

मुदत मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतची होती. आमच्या खात्यात हाच नेमका टंचाईचा काळ, आणि मी त्या हिशेबानंच कामाला लागलो. ऑफिसातलाच कागद घेऊन पट्टीनं रेघा मारल्या. आठवड्याला जास्तीत जास्त दोन नंबर. उरलेले चौदा अडीअडचणीला राखीव. लग्न जमवताना अशी कोणती अडीअडचण येते, की जिच्यात एकदम चौदा मुली लागतात, हे मला कोणी विचारलं नाही.

पहिला नंबर मामांनी घालवला. "चालू आहे की नाही ते तर बघू!" असं म्हणून त्यांनी समोर दिसेल त्या पहिल्या चेहऱ्यावर माउस दाबला. नंबर आला. मामांनी लगेच मोबाइल काढून लावला.

"हॅलो, जयभीम! मुलीचे वडील बोलताय का?"

पलीकडून इतका मोठा आवाज आला की आम्हालाही ऐकू आला. "कोण, शिरसाट? आवाज ओळखला मी तुझा! माझ्या पोरीच्या स्थळाशी तुझा काय संबंध?"

तो मामांच्या फॅक्टरीतला फोरमन निघाला. अकरा वर्षं दोघांचं हाडवैर होतं. मामांनी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला, पण तेही त्याच आवाजात. पुढचा महिनाभर मामांना सलग रात्रपाळी लागली.

दुसरा नंबर आईनं. यादीत तिला एक ओळखीचा चेहरा दिसला. ही मुलगी दोन वर्षांपूर्वी आम्ही उल्हासनगरला बघायला गेलो होतो. पोहे आम्ही पसंत केले, मुलगीही पसंत केली, पण त्यांनी आम्हाला नापसंत केलं. "अजून आहे वाटतं घरीच!" आई इतकी खुलली की गुडघे विसरून उठून उभी राहिली. त्यांचा जुना नंबर लागत नव्हता म्हणून हट्टानं नवा उघडायला लावला आणि मुलीच्या आईला फोन केला.

"सहज केला हो. मुलीचं नाव दिसलं म्हणून. अजून जमलं नाही का?"

"नाही ना," पलीकडची बाई म्हणाली, "तुमचापण अजून तसाच आहे का?"

आई हळूच खाली बसली. दोघी आया मग अर्धा तास एकमेकींशी फार प्रेमानं बोलल्या. दोघींनी डोळे पुसले. माझ्याशी लग्नाचा विषय मात्र दोघींपैकी एकीनंही काढला नाही.

तिसरा नंबर आप्पांनी लावला. मुलीकडचे बदलापूरचे होते.

"मुलगा काय करतो?"

"पाणीपुरवठ्याला आहे! तुमच्या बदलापूरलाच!" आप्पांनी छाती काढून सांगितलं.

"असं? मग आमच्या सोसायटीला पाऊण तासच पाणी का हो?"

आप्पांनी फोनवर हात ठेवला. "अरुण, यांच्या सोसायटीला पाऊण तासच का?"

"वेळापत्रकात तसंच आहे."

"वेळापत्रक कोणी केलं?"

"मी."

आप्पा जन्मात खोटं बोलले नाहीत. त्यांनी फोनवरचा हात काढला आणि म्हणाले, "आमच्या मुलानंच केलंय." त्यानंतर पलीकडून जे बोलणं झालं ते आप्पांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही.

पुढचे सहा मी स्वतः लावले. दोघींची लग्नं ठरलेली होती, यादीतून नाव काढायचं राहिलं होतं. एकीच्या वडिलांनी माझी जन्मतारीख ऐकून "जरा परत सांगा" म्हटलं, मी परत सांगितली, आणि त्यांनी फोन ठेवला. एकीच्या आईला घर तळमजल्यावर पाहिजे होतं. एकीचा फोन लागलाच नाही. आणि एकीनं स्वतः उचलून "बोला काका" म्हटलं. मी म्हणालो, "बाबांना सांग, गॅसवाला येऊन गेला," आणि ठेवून दिला.

नऊ नंबर असे गेले. तेव्हा मी कपात जाहीर केली! यापुढे नीट विचार केल्याशिवाय एकही नंबर उघडायचा नाही. आप्पांना ते पटलं. "शिल्लक आहे ना? मग घाई कशाची?" असं ते मधूनमधून म्हणायचे. आईनं तर शेजारपाजारच्या बायकांनाही मुली जपून वापरण्याविषयी सांगायला सुरुवात केली.

आणि एप्रिलच्या शेवटी सुजाताचा निरोप आला.

त्या साइटची एक गंमत होती. ज्यांनी पैसे भरले नव्हते त्यांना कोणाचा नंबर दिसायचा नाही की मनातलं काही लिहिता यायचं नाही. त्यांच्यासाठी तयार वाक्यं होती, त्यातलं एक निवडून पाठवायचं. सुजातानं पाठवलेल्या वाक्याचा अर्थ, तिला माझी माहिती आवडली आहे, असा होता. घनूभाईंनी तो मला दोनदा समजावून सांगितला, कारण मी दोनदा विचारला.

बत्तीस वर्षांची, बदलापूरची, शाळेत शिक्षिका. बाकीच्या मुलींचे फोटो स्टुडिओतले, मागे धबधबा रंगवलेले. हिचा शाळेच्या व्हरांड्यातला होता, काखेत हजेरीपट, कपाळावर आठी. आणि आवडीनिवडीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'स्वयंपाक येतो. आवडत नाही.' मी इतक्या जोरात हसलो की शेजारच्या माणसानं पडद्यावरून डोकावून पाहिलं. कितीतरी दिवसांत मी असा हसलो नव्हतो.

मला एक बटण फुकटात दाबता येत होतं, 'मलाही आवडलं' अशा अर्थाचं. ते मी तिथल्या तिथं दाबलं. पुढचं काम फोनचं. तिला माझा नंबर दिसणार नव्हता, मला तिचा उघडता येत होता. एक बोट उचलायचं, बस्स.

मी नाही उचललं.

घरी मी सांगितलं, की हिचा होकार आलेलाच आहे, ही कुठं जातेय? आधी बाकीच्यांचं बघू, ही शेवटी आहेच. सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. आजवर ज्यांनी मला नकार दिला त्यांच्यापैकी एकीसाठीही माझा जीव अडकला नव्हता. ही नाही म्हणाली असती तर मला लागलं असतं. नंबर उघडला नाही तोवर ती माझीच होती. दर रविवारी मी घनूभाईंकडे जाऊन तिचं पान उघडायचो, ती कपाळावरची आठी बघायचो, आणि परत यायचो. मेच्या शेवटी तिचं दुसरं तयार वाक्य आलं, तुमच्या उत्तराची वाट पाहत आहे. मी त्याची प्रिंट काढून घेतली आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. इतका मूर्ख माणूस तुमच्या पाहण्यात आला असेल तर कळवा, आम्ही दोघं मिळून संघटना काढू.

शेवटी जूनमधला तो शुक्रवार आला. मुदतीचा शेवटचा दिवस. उल्हासनगरला दुपारी दोन ते पाच लोडशेडिंग असायचं, म्हणून मी पाचला घनूभाईंकडे पोचायचं ठरवलं. सुजाताचा नंबर उघडायचा आणि तिथूनच फोन लावायचा. आईनं माझा ठेवणीतला निळा शर्ट इस्त्री करून दिला. (फोनवर शर्ट दिसत नाही हे तिला माहीत होतं. तरी दिला.)

तीन वाजता ऑफिसवर मोर्चा आला. पंचवीस-तीस बायका, प्रत्येकीच्या कमरेवर रिकामा हंडा. लाइनच्या अगदी शेवटच्या गल्लीतल्या होत्या. त्या गल्लीला पहाटे चारला वीस मिनिटं पाणी होतं, कारण त्यांनी आजवर एकही तक्रार केली नव्हती. आमच्या ऑफिसात जो ओरडतो त्याला आधी, जो गप्प बसतो त्याला शेवटी, असा न लिहिलेला नियम होता. कागदावर तो मीच उतरवायचो.

"साहेब कोण आहेत इथं?" समोरून आवाज आला.

"साहेब साइटवर गेलेत," मी मान वर न करता नेहमीचं सांगितलं.

"मग अर्ज कोण घेणार?"

मी मान वर केली. समोर सुजाता उभी होती. कपाळावर तीच आठी, हातात अर्ज. तिनं मला पाहिलं आणि तिची आठी हळूहळू गेली. माझा साइटवरचा फोटो चार वर्षांपूर्वीचा होता, पण शर्ट तोच होता.

"तुम्ही अंबरनाथचे ना?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"हो."

"मी दोनदा कळवलं होतं."

तिला काय म्हणायचं याची मी दीड महिना तयारी केली होती. आरशासमोर केली होती, अंघोळीच्या वेळी केली होती. पण समोर पंचवीस हंडे, टेबलावर शिक्के, आणि बारा वर्षांची सवय! माझ्या तोंडातून वाक्य आलं ते असं:

"आपला अर्ज मिळालेला आहे. विचाराधीन आहे."

मागच्या बायकांना वाटलं पाण्याचंच चाललंय. एकच गिल्ला झाला!

"विचाराधीन? पोरं पारोशी शाळेत जातायत आन् हा विचार करतोय!"

एक हंडा टेबलावर आदळला. शाईचं पॅड माझ्या मांडीवर पडलं. मागून एक म्हातारी कडाडली, "ह्याच्या घरचं पानी तोडा, मंग इचार व्हईल! बायको हंडा घिऊन हुबी ऱ्हायली की समजंल!"

"बायको कुठली आलीय ह्याला!" दुसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. सुजाता हसली नाही. ती खाली बघत होती, आणि मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. तिनं अर्ज माझ्यापुढे सरकवला. "पोच द्या," म्हणाली. मी शिक्का मारला, सही केली, तारीख घातली. अर्जाच्या शेवटी तिच्या अक्षरात तिचं नाव होतं, गल्लीचं नाव होतं, आणि खाली मोबाइल नंबर.

बायका साडेपाचपर्यंत बसून होत्या. दोन दिवसांत पाणी देतो असं लेखी घेऊनच उठल्या. मी मांडीवरचा शाईचा डाग फाइलनं झाकत उल्हासनगर गाठलं. घनूभाई दुकानाबाहेर पुठ्ठ्यानं वारा घेत बसले होते. वीज अजून आली नव्हती.

"बैठो साईं. पाँच बजे आनेवाली थी, आई नहीं."

मी बसलो. बोलता बोलता सगळं सांगितलं. अर्ज दाखवला. (झेरॉक्स काढून बरोबर घेतली होती. का, ते विचारू नका.) घनूभाईंनी तो हातात घेऊन नीट पाहिला.

"ये तो नंबर है!"

"हो."

"उसी लड़की का?"

"हो."

"तो लगाओ फोन! बत्ती का क्या काम?"

"नाही घनूभाई. हा ऑफिसच्या अर्जावरचा नंबर आहे. खाजगी कामाला वापरता येत नाही. नियमात बसत नाही."

"तो यहाँ क्यूँ बैठे हो?"

"इथला नंबर मी पैसे भरून घेतोय. तो नियमात बसतो."

"दोनों नंबर एक ही है, साईं!"

"मार्ग वेगळा आहे," मी म्हणालो.

घनूभाईंनी उठून माझ्यासाठी चहा सांगितला. साडेसात वाजेपर्यंत वीज आली नाही. त्यांनी शटर ओढलं आणि मी घरी आलो.

"किती राहिले?" आप्पांनी दारातच विचारलं.

"एकतीस."

"एकतीस वाया?" आप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते भांडायला कल्याणच्या ऑफिसात गेले. त्या पत्त्यावर चपलांचं दुकान होतं. आप्पांनी तरीही तासभर भांडण केलं आणि येताना नवी चप्पल घेऊन आले.

मी मात्र त्या शनिवारी वेगळ्याच तंद्रीत होतो. सुट्टी असून ऑफिसला गेलो. वॉल्व्हमनला बरोबर घेऊन स्वतः त्या गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो. तिची वेळ पहाटे चारवरून सकाळी साडेसहा केली, वीस मिनिटांचा दीड तास केला. त्यासाठी मी आमदारांच्या मेव्हण्याच्या बंगल्याच्या पाण्यात कपात केली! आजवर मी कोणासाठी एवढं केलं नव्हतं. आणि यात माझा एक डावही होता. तक्रार मिटली की अर्जदाराला फोनवर कळवायचं, असा नियम आहे. म्हणजे सोमवारी मी तिला फोन करणार होतो, आणि तोही पूर्ण नियमानं! तो सगळा रविवार मी खुशीत शीळ घालत काढला. आईनं आप्पांना हळूच विचारलं, याला ताप वगैरे आहे का.

सोमवारी अकरा वाजता मी फोन लावला. "पाणीपुरवठ्यातून बोलतोय."

"हो, ओळखलं. पाणी आलं," सुजाता म्हणाली. "सगळ्या गल्लीनं चादरी धुवायला काढल्यात."

"प्रेशर कसं आहे?"

"चांगलं आहे."

"रोज दीड तास राहील."

"बरं."

मग मी घसा साफ केला. "दुसऱ्या विषयाच्या संदर्भात…"

"काल ठरलं," ती म्हणाली. "पाहुणे आले होते. कर्जतचे."

टेबलावर पेपरवेट होता, तो मी उगाचच उचलून फाइलवर ठेवला. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून विचारलं, "कसं जमलं?"

"त्यांनी फोन केला," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. मग तिनं विचारलं, "एक काम होतं. या महिन्याच्या शेवटी लग्न आहे. हॉलवाले म्हणतात पाणी नाही. एक टँकर मिळेल का?"

"अर्ज द्यावा लागेल," मी म्हणालो. आणि लगेच म्हणालो, "नाही, राहू दे. अर्ज नको. मी बघतो."

आमच्या घरात लग्नाचा विषय त्यानंतर निघाला नाही. आप्पा शब्दाचे पक्के होते. आईनं माझा बायोडाटा आणि ते रेघा मारलेलं वेळापत्रक एका पिशवीत घालून पिशवी माळ्यावर टाकली. त्या संध्याकाळी जेवताना मला पहिल्यांदाच आपलं वय झाल्यासारखं वाटलं.

सुजाताच्या लग्नाला मी गेलो. टँकर एकच मागितला होता, पण या खेपेला कमी पडायला नको म्हणून मी तीन सांगितले होते. पहिल्या टँकरनं हॉलची टाकी भरली. दुसऱ्यानं ती वाहवली, आणि मांडवाच्या तोंडाशी घोट्याएवढा चिखल झाला. तिसरा रिकामा करायला जागाच नव्हती, म्हणून तो गेटात आडवा उभा राहिला, आणि कर्जतहून आलेल्या नवरदेवाची गाडी मागे अडकली. नवरदेव नवे बूट हातात घेऊन चिखलातून चालत आला. "कोणी पाठवले एवढे टँकर?" असं वऱ्हाडी ओरडत होते, आणि मी बुद्धवंदनेसाठी हात जोडून डोळे मिटून उभा होतो. इतक्या लवकर हात जोडणारा दुसरा कोणी नव्हता.

लग्न लागल्यावर मी पाकीट घेऊन स्टेजवर गेलो. सुजाता पांढऱ्या साडीत होती. कपाळावर आठी नव्हती. तिनं नवऱ्याला सांगितलं, "हे आमचे पाणीपुरवठ्याचे साहेब. एकदा सांगितलं की लगेच काम करतात."

मी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करतेय की खरंच म्हणतेय, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

"असं होय!" नवरदेव म्हणाला. त्यानं हातातला गुच्छ बायकोकडे दिला, चिखलाच्या पायांनी तसाच पुढे आला, खिशातून मोबाइल काढला आणि तिथल्या तिथं माझा नंबर मागून घेतला. मला माणूस फार आवडला. अशाच माणसांची लग्नं होतात.